लाखेच्या बोरमाळेला कमळ झाळायला गेले आणि मणी फुटला

कानसवाली, बेळगाव
मी चांदीत काम करते. पानं, बिया, फुलं हाच माझा माल. जांभोटीच्या रस्त्यावर वेचलेलं वाळकं पान चांदीच्या पत्र्यावर ठेवून रोलरमधून एकदाच दाबून काढायचं, शिरा उमटतात, त्याची कानातली करायची. (ओलं पान घेतलं तर नुसता चोथा होतो.) सोन्याला क्वचितच हात लावते.

गेल्या आठवड्यात खानापूरच्या एक बाई आजीची बोरमाळ घेऊन आल्या. मधोमध कमल बस्तीतल्या (बेळगाव किल्ल्यातलं जैन मंदिर) कमळाचं पदक हवं म्हणाल्या. मी किल्ल्यात जाऊन छताकडे मान वर करून चित्रं काढली. चांदीत कमळ केलं, वर सोन्याचा मुलामा देणार होते. पण शहाणपणा करून आधी त्याची कडी मधल्या मण्यालाच झाळायला (ज्योतीवर डाग देऊन जोडायला) घेतली. ज्योत लागली आणि फट्! मण्याला भगदाड, टेबलावर काळी लाख. बाईंना अजून सांगितलेलं नाही. मणी वाचेल का? आणि छतावरच्या कमळाच्या 72 पाकळ्या सव्वा इंचात बसवल्या तर नुसता लगदा दिसतोय, त्याचं काय करू?

शहापूरचा सोनार
ओ ताई, बोरमाळेचा मणी म्हणजे कागदासारख्या पत्र्याची डबी. आत लाख आहे म्हणून तो चेपत नाही. त्याला ज्योत लावल्यावर आतली हवा जायची कुठं? आमचे वडील लाखेच्या मालाजवळ शेगडी पेटवू द्यायचे नाहीत.

फुटका मणी टाकू नका. आधी बाईंसमोर वजन करून चिठ्ठीवर लिहा. मग हलकी ऊब देऊन लाख भोकातनं गाळा, चिकटलेली स्पिरिटात भिजवून काढा. मणी पुरता रिकामा झाला, सुकला, की तेवढ्याच कॅरेटचा तुकडा लावून झाळा आणि परत लाख भरा. कमळ मात्र मण्याला झाळूच नका की ओ! वर कडी द्या, पटवेकऱ्याकडनं, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडनं, मधे गाठवून घ्या. उद्या नातीला ते नको वाटलं तर दोरा कापला की माळ होती तशी.

केवडा
कमल बस्ती 1204 ची. त्या 72 पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य अशा तिन्ही काळांचे 24-24 तीर्थंकर. तुम्ही एकच फेरा 24 चा घ्या, हिशेब सुटत नाही. आणि ते कमळ छतातून खाली लोंबतंय, म्हणून पदकालाही पोट द्या. चपटं केलंत तर बिल्ला दिसेल.

खरं सांगू, हुबेहूब नक्कल करायचा हट्ट मला पटत नाही. बोर, जव, जोंधळा, चिंच, चाफेकळी, आपल्या दागिन्यांची अर्धी नावं शेतातली नि झाडावरची. पण जवाच्या मण्याला कुणी कधी कुसळ काढलंय का?

भाकरी-ठेचा
आधी बाईंना फोन करा हो. बाकीचं नंतर.

कानसवाली
केला. आज येऊन गेल्या. फुटका मणी तळहातावर घेऊन वास घेतला, आजीच्या ट्रंकेसारखा येतोय म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण उरलेली माळ परत घेऊन गेल्या, आणि बरोबरच केलं त्यांनी. वजन चिठ्ठीवर लिहिलंय, दोघींच्या सह्या आहेत. मणी स्पिरिटात आहे. 24 पाकळ्यांचं कमळ मेणात नव्यानं कोरायला घेतलंय.

काका, शहापुरात पटवेकरी आता कुठं बसतात?