मदत हवी आहे: 'वेळ' या विषयावर लेख लिहायचाय, विषय आवाक्यात येत नाहीये

अर्धविराम
चार दिवस अडकून पडलेय. वाचून झालंय, वही भरलीय: सूर्यघड्याळ, लंबक, टाइम झोन, अणुघड्याळ. पण लिहायला बसलं की 'अनादी काळापासून मानव…' असंच सुरू होतं. सहा वेळा खोडलं. विषय छोटा कसा करू? लवकर सांगा प्लीज.

रातकिडा
किती शब्द? कधीपर्यंत? वाचणार कोण?

अर्धविराम
नेहमीसारखाच लेख आहे हो. 1200 शब्द, रविवारपर्यंत.

शाईपेन
विषय आधी ठरवूच नका. वीस मिनिटं पेन न उचलता लिहा. मी पावसावर लिहीत होतो, चौथ्या पानावर गळक्या छपराखाली ठेवलेली बादली आली आणि लेख तिथूनच सुरू झाला. आधीची पानं सरळ फाडली.

मोजपट्टी
शाईपेन, ज्याच्याकडे काहीच सुचत नाही त्याला हे ठीक. यांच्याकडे आधीच पसारा झालाय, तो आणखी वाढेल. अर्धविराम, विषय नुसता शब्द असतो तोवर रुंदच राहतो. त्याचा प्रश्न करा. 'टाइम झोन' नको. '1884 च्या वॉशिंग्टन परिषदेत शून्य रेखावृत्त म्हणून ग्रिनिचच का निवडलं?' असं विचारा. बहुतेक जहाजं आधीपासूनच ग्रिनिचवरून मोजलेले नकाशे वापरत होती, हे उत्तर 1200 शब्दांत आरामात बसतं.

शाईपेन
प्रश्न आधी ठरवला की लेख परीक्षेतल्या उत्तरासारखा होतो. मी असे लेख वाचलेत, दुसऱ्या परिच्छेदातच शेवट कळतो.

कानामात्रा
एक सांगते, फाइल युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फाँटमधली जोडाक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर फुटतात. माझा अख्खा लेख परत आला होता.

रातकिडा
वाचक कोण ते अजून सांगितलं नाहीत. आणि एक विचारतो: त्या वहीतली कुठली गोष्ट तुम्ही कुणाला आपणहून सांगितलीत?

अर्धविराम
वाचक नुकती शाळा संपलेली मुलं, सगळीच विज्ञानाची नाहीत. आणि हो, बहिणीला दोनदा लीप सेकंदाबद्दल सांगितलं! 31 डिसेंबर 2016 ला जागतिक वेळेत 23:59:59 नंतर 00:00:00 आलंच नाही, मध्ये 23:59:60 आलं. 61 सेकंदांचं मिनिट! 1972 पासून असे 27 सेकंद घातलेत.

मोजपट्टी
चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीने पृथ्वी मंदावते, म्हणून.

कानामात्रा
हे अर्धंच झालं. 1967 पासून सेकंद सीझियम या धातूच्या अणूवरून मोजतात. तसे 86,400 सेकंद झाले तरी पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी सहसा किंचित उरायची. तो फरक साचत जातो, म्हणून मध्येच एक सेकंद घालतात. मंदावणं फार सावकाश आहे, त्यावरून दर दीड-दोन वर्षांचा सेकंद निघत नाही.

मोजपट्टी
मंदावली नसती तर फेरी उरली तरी असती का?

रातकिडा
त्यासाठी वेगळा धागा काढा दोघं. अर्धविराम, तुमचा विषय मिळाला. हा सेकंद का घालावा लागला, आणि 2035 पर्यंत तो थांबवायचं 2022 मध्ये का ठरलं, एवढंच लिहा. सूर्यघड्याळ, लंबक, टाइम झोन तिन्ही बाहेर.

अर्धविराम
लंबक काढायचं जिवावर येतंय. ह्युगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या 1656 च्या लंबकाच्या घड्याळावर दोन रात्री घालवल्यात.

शाईपेन
फाडू नका. वेगळ्या पानावर ठेवा, पुढच्या लेखाला होईल. आणि सुरुवात त्या 23:59:60 पासूनच करा, तिथे हात आपोआप चालेल.

मोजपट्टी
हे मात्र पटलं.

अर्धविराम
लंबक काढला. 23:59:60 पासून सुरू केलं, 300 शब्द झाले, खोडावंसं वाटलं नाही. आता दुसरीकडे अडलंय: 30 जून 2012 च्या लीप सेकंदाला काही मोठी संकेतस्थळं बंद पडली होती. एका जास्तीच्या सेकंदाने संगणक का गडबडतो, हे विज्ञान न घेतलेल्या मुलाला दोन वाक्यांत कसं सांगू?