मदत हवी आहे: वाईत छोटी हाफ मॅरेथॉन, पण तारीख आणि रस्त्याचं जमत नाहीये

नमस्कार मंडळी,

वाईत आम्ही पंधरा-वीस जण पहाटे पळतो. दोन डॉक्टर, एसटीतले एक निवृत्त कंडक्टर, बाकी शिक्षक आणि दुकानदार. दरवर्षी साताऱ्याला यवतेश्वर घाटात पळून यायचं आणि परतताना गाडीत ‘आपल्या गावात का नको?’ हा विषय काढायचा, असं बरंच चाललं. यंदा आमच्यातलं कुणीतरी थेट नगरपालिकेत बोलूनच आलं, त्यामुळे आता माघार नाही.

बेत असा आहे. शनिवारी दुपारी बिब (छातीवर लावायचा नंबर) वाटप, संध्याकाळी लहान मुलांची किलोमीटरभर पळापळ. रविवारी सकाळी 21 आणि 10 किमी, शिवाय ज्यांना नुसतं चालायचंय त्यांच्यासाठी मेणवलीपर्यंत फेरी. अंदाज तीन-चारशे लोकांचा. रोख बक्षीस ठेवायचं नाही हे पक्कं. रक्कम लावली की बाहेरून चार जण येऊन पाकिटं नेतात आणि गाव नुसतं टाळ्या वाजवतं.

रस्त्यावर बराच वाद झाला. पसरणी घाट सगळ्यांना हवा होता, फोटो झकास येतात. पण रविवारी सकाळी पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्या अडवायला परवानगी कोण देणार? म्हणून वाई-मेणवली-धोम आणि परत. चढ बेताचा, एका अंगाला कृष्णा, आणि धोमला देवळापाशी वळण घ्यायला जागा आहे. अंतर भरायला गावात थोडा वळसा घ्यावा लागेल.

आता अडचणी. तारीख जानेवारीत घ्यावी असं बहुतेकांचं म्हणणं, कारण थंडी. पण ऊस तेव्हा ऐन तोडणीत असतो. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि त्याच रस्त्यावर तीनशे माणसं, हे डोळ्यांपुढे आलं की माझी झोप उडते. शिवाय वस्त्यांवरची कुत्री. रोजच्या पळणाऱ्यांना ती ओळखतात, पाहुण्यांना ओळखणार नाहीत.

दुसरं, चिप टायमिंग (बिबला लावलेल्या चिपवरून प्रत्येकाची वेळ आपोआप नोंदवणं) घ्यावं का? कोटेशन आलंय, त्यात आमच्या बजेटचा मोठा घास जातो. त्या पैशात वैद्यकीय सोय नीट होईल असं माझं मत, पण तरुण मंडळी म्हणतात की चिप नसेल तर पुण्याहून कुणी फिरकणार नाही. आणि फिनिश गणपती घाटावर ठेवायची सगळ्यांना हौस आहे. ते कितपत शहाणपणाचं?

ज्यांनी तालुक्याच्या गावात असं काही केलंय त्यांनी कृपया लिहा. मोठ्या शहरांतले अनुभव वाचलेत, तिथे ट्रॅफिक पोलीसच शेकड्यांनी असतात.

– धावता_वाईकर

---

उसाचा_पट्टा: जानेवारी विसरा. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा असते, त्या सुमारास तुमच्या गावातून किती गाड्या जातात ते तुम्हाला सांगायला नको. तालुक्यातले पोलीस तिकडे बंदोबस्ताला. तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, तुमचे पुण्याचे पाहुणे तिकडे. पुढे कृष्णाबाईचे उत्सव सुरू झाले की घाटांवर मांडव. डिसेंबरचा दुसरा रविवार बघा, नाताळची गर्दी अजून सुरू झालेली नसते.

ऊस डिसेंबरातही असणारच. त्यासाठी पोलिसांकडे जाऊन भागणार नाही, कारखान्याच्या गट ऑफिसात जा. शनिवारच्या तोडीचं नियोजन त्यांच्या हातात असतं. त्या रस्त्यावरची तोड एक दिवस मागेपुढे करता येते, नाही जमलं तर भरलेल्या ट्रॉल्या पहाटे पाच ते नऊ एका जागी थांबवतात. चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) आणि तोडणी मुकादमाला स्वतः भेटा, नुसतं पत्र देऊन आलात तर ते फाइलला लागेल. कुत्र्यांचंही तसंच. आदल्या संध्याकाळी वस्तीवर जाऊन ‘दादा, सकाळी दोन-तीन तास बांधून ठेवा’ म्हटलं की लोक ऐकतात. त्यांच्याच पोरांना पाण्याच्या टेबलावर उभं करा, मग तर विचारूच नका.

---

पळा_पळा_सांगली: चिप सोडा. चारशे लोकांना बिब नंबर लिहून घेणारे तीन चुणचुणीत विद्यार्थी आणि फिनिशवर लावलेला मोबाईलचा व्हिडिओ पुरतो. अंतर मात्र चोख ठेवा, त्यावरून लोक वर्षभर बोलतात. घड्याळाच्या जीपीएसवर मोजू नका, ते वळणावळणांत फुगतं. सायकलच्या चाकाला काउंटर लावून, आधी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तपासून मग मोजा, आणि वळणं आतल्या बाजूने, पळणारा कापेल तशी घ्या. हाफ म्हणजे 21.0975 किमी. मोजणीत दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे तुमच्याकडे साधारण 21 मीटर. जास्त झालं तर कुणी भांडत नाही, कमी पडलं तर बघा.

अजून एक. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते. साडेपाचला झुंबा लावायचा कुणाचा बेत असेल तर आताच मोडा. तसंही डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, 21 किमी साडेसहाला सोडा.

---

डॉ_पायवाट: फिनिश घाटावर नको. कारण सांगते. बराच वेळ पळून माणूस एकदम थांबला की रक्त पायात साठतं, दाब उतरतो आणि तो रेषेपलीकडेच खाली बसतो. म्हणून रेषेनंतर पन्नासेक मीटर तरी सरळ, मोकळी गल्ली हवी, जिथे त्याला चालतं ठेवता येईल. मेडल रेषेवर देऊ नका, गल्लीच्या शेवटी द्या. लोक आपोआप चालत जातात. घाटाच्या पायऱ्यांवर हे जमणार नाही, आणि तिथून स्ट्रेचर वर आणायचं म्हणजे आणखी त्रास.

रेषेनंतर पडलेल्याला पाय वर करून झोपवलं की बहुधा तो सावरतो. रेषेच्या आधी, पळता पळता कोसळला तर मात्र ते गंभीरच धरायचं. शेवटच्या टप्प्यात सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) येणारे स्वयंसेवक उभे करा, चिपचे पैसे एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) भाड्याने आणण्यात घाला. रुग्णवाहिका गर्दीत अडकणार नाही अशी, रस्त्याकडे तोंड करून लावा. आणि पाण्यासोबत लिंबू-मीठ-साखर ठेवा. थंडीत नुसतं पाणी ढोसणारे हळू पळणारेच जास्त अडचणीत येतात.

---

धावता_वाईकर: सगळ्यांचे आभार, विशेषतः डॉक्टरबाईंचे. मेडलची युक्ती आमच्या दोन्ही डॉक्टरांना दाखवली, एकमताने मान्य. फिनिश आता शाळेच्या मैदानावर, गल्लीला जागा आहे आणि शाळेची स्वच्छतागृहंही वापरता येतील. घाटावर फक्त मुलांची शनिवारची पळापळ, तीही वरच्या रस्त्याने. डिसेंबरचा दुसरा रविवार धरून अर्ज करतोय. चिप बाद, तरुण मंडळी दोन दिवस रुसली आहेत.

गट ऑफिसात उद्या जाऊन येतो. तोवर एकच विचारायचं राहिलं: पाण्याला कागदी कप नकोत, वाऱ्याने सगळे नदीत जातील. स्टीलचे पेले धुवायला माणसं कुठून आणायची? कुणी द्रोण वापरून बघितलेत का, पळता पळता पिता येतं का त्यातून?