वाटायचे मासे साफ करूनच द्या

ताई, नवऱ्याला समुद्रात भाल्याने मासे मारायचा नाद लागलाय आणि आणलेले मासे घरात संपत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या सोलापुरात समुद्र नाही, पण उजनी आहे. ह्यांना दोन वर्षांपासून गळाचं वेड. रविवारी पहाटे टेंभुर्णीकडे जातात, दुपारी पिशवी भरून येतात. बहुतेक चिलापी, कधी रोहू, नशीब असेल तर मरळ.

आधी मी अख्खेच मासे शेजारी द्यायचे. पण खवले कोण काढत बसणार? आता आतडी काढून, हळद-मीठ लावून डब्यात देते, तेही तासाभरात. मरळीला काटे कमी, म्हणून ती समोरच्या आजींसाठी राखलेली. सोमवारी, गुरुवारी, एकादशीला कुणाचं दार वाजवत नाही. परवा आजींनी डबा शेंगाची चटणी भरून परत पाठवला, इतकं बरं वाटलं!

एकदा चिलापी साफ करताना तिच्या तोंडातून इवली पिल्लं सांडली. मादी अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते. फार मनाला लागलं. पावसाळ्यात रोहू-कटला अंडी घालतात, तेव्हा तर आमचा गळ माळ्यावरच असतो.

एक मात्र कळकळीने सांगते. भाल्याची मासेमारी दम रोखून करतात, वर येता येता शुद्ध हरपू शकते, सराईत माणसाचीसुद्धा. त्यांना एकटं जाऊ देऊ नका. एक खाली असताना दुसऱ्याने वर थांबायचं, आणि तो वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही.