1812 चे युद्ध: खलाशांसाठी की जमिनीसाठी?

तटबंदी (धागाकर्ता)

18 जून 1812 रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. त्याचे कारण विचारले की बहुतेक जण समुद्राकडे बोट दाखवतात. नेपोलियनशी झुंजणारे ब्रिटिश आरमार भर समुद्रात अमेरिकी जहाजे अडवत असे, त्यांवरचे खलाशी ‘आमचेच पळालेले लोक’ म्हणून उचलून नेत असे आणि तटस्थ देशांच्या व्यापाराची कोंडी करत असे. हे सारे खरे आहे. तरीही समुद्र हे निमित्त होते आणि जमीन हे कारण होते, असे माझे ठाम मत आहे.

मतदान पाहा. प्रतिनिधिगृहात युद्धाच्या बाजूने 79 आणि विरोधात 49, तर सिनेटमध्ये 19 आणि 13 मते पडली. ज्यांची जहाजे लुबाडली जात होती, त्या न्यू इंग्लंडच्या प्रतिनिधींपैकी बहुतेकांनी विरोधात मत दिले. युद्धासाठी सर्वांत हिरिरीने बोलणारा सभापती हेन्री क्ले मात्र केंटकीचा, म्हणजे समुद्रकिनारा नसलेल्या राज्याचा होता. तिकडच्या लोकांचे खरे दुखणे वेगळे होते. शॉनी जमातीचा नेता टेकुमसेह मूळ रहिवाशांच्या जमातींना एकत्र आणत होता आणि एकट्या जमातीला जमीन विकण्याचा हक्कच नाही, असे सांगत होता. नोव्हेंबर 1811 मध्ये टिपेकनू नदीकाठी विल्यम हेन्री हॅरिसनच्या अमेरिकी फौजेने त्याच्या लोकांचे गाव जाळले. त्या लढाईनंतर सीमेवर जो तो म्हणू लागला की त्यांना बंदुका ब्रिटिश पुरवतात.

शेवटी तह पाहा. 24 डिसेंबर 1814 रोजी गेंट येथे सह्या झाल्या, त्या मसुद्यात खलाशांच्या सक्तीच्या भरतीबद्दल एक अक्षरही नाही.

दर्यासारंग

तटबंदी यांची मांडणी नेटकी आहे, पण मला ती पटलेली नाही.

22 जून 1807 चा प्रसंग घ्या. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर ‘लेपर्ड’ या ब्रिटिश जहाजाने ‘चेसापीक’ या अमेरिकी युद्धनौकेला थांबवले आणि पळालेले खलाशी शोधण्यासाठी झडती मागितली. नकार मिळताच तोफा डागल्या. चेसापीकच्या तोफा सज्जही नव्हत्या, डेकवर सामानाचा पसारा तसाच पडलेला होता. तीन माणसे मेली, चौघांना पकडून नेण्यात आले. त्यांपैकी एक ब्रिटिश होता, त्याला हॅलिफॅक्सला फासावर चढवले. उरलेले तिघे अमेरिकी होते. तीस वर्षांपूर्वीच स्वातंत्र्य जाहीर केलेल्या देशाला आपल्या युद्धनौकेवरची माणसे सांभाळता येत नसतील, तर ते स्वातंत्र्य कसले, हा प्रश्न तेव्हाच्या लोकांना जिव्हारी लागला होता. त्याला निमित्त म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मतदानाचा अर्थही आपण चुकीचा लावत आहात. ती फूट मुख्यतः पक्षांची होती, प्रदेशांची नव्हती. फेडरलिस्ट पक्षाच्या एकाही सदस्याने युद्धाच्या बाजूने मत दिले नाही, आणि न्यू इंग्लंड हा त्या पक्षाचा बालेकिल्ला होता. शिवाय केंटकी, टेनेसी आणि ओहायो यांची मते इतकी थोडी होती की त्यांच्या जोरावर ठराव होणे शक्यच नव्हते. पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिणेकडची राज्ये सोबत आली म्हणून तो झाला. अध्यक्ष मॅडिसन यांनी 1 जूनला काँग्रेसला पाठवलेल्या संदेशातही खलाशांचा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि सीमेवरच्या जमातींचा सर्वांत शेवटी.

तह गप्प का, याचे उत्तर युरोपात आहे. एप्रिल 1814 मध्ये नेपोलियन पदच्युत झाला आणि ब्रिटनला माणसे पळवण्याची गरजच उरली नाही. मागणी सोडून देणे आणि मागणी खोटी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

याहून चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. तटस्थ व्यापाराची कोंडी करणाऱ्या ज्या हुकुमांवरून इतका संताप होता, ते ब्रिटनने 23 जून 1812 रोजी, म्हणजे युद्ध पुकारल्यानंतर पाचच दिवसांनी, मागे घेतले. ती बातमी अटलांटिक ओलांडून येईपर्यंत फौजा निघाल्या होत्या.

उत्तररेषा

मी बरीच वर्षे कॅनडातल्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतल्या, ओंटारिओत राहतो. इथे या युद्धाची आठवण वेगळी आहे, ती या चर्चेत यायला हवी. नायगारा नदीवरच्या क्वीन्स्टन हाइट्सला ब्रिटिश सेनापती आयझॅक ब्रॉकचा उंच स्तंभ आहे. 13 ऑक्टोबर 1812 रोजी अमेरिकी सैन्याने नदी ओलांडून ती टेकडी घेतली आणि ती परत घेताना ब्रॉक मारला गेला. त्या उतारावर उभे राहून खालची नदी पाहिली की ‘जमीन हे कारण होते की नव्हते’ हा वाद फार लांबचा वाटू लागतो, कारण ज्यांच्या घरावर फौज चालून आली त्यांना हेतूने काय फरक पडणार? एप्रिल 1813 मध्ये अमेरिकी सैन्याने यॉर्क, म्हणजे आजचे टोरोंटो, घेतले आणि तिथल्या विधिमंडळाची इमारत जळाली. ऑगस्ट 1814 मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टनमधले अध्यक्षांचे निवासस्थान जाळले, हे सगळ्यांना ठाऊक असते. यॉर्कची आग मात्र कोणी आठवत नाही. ‘आम्ही अमेरिकी नाही’ ही कॅनडातली भावना याच युद्धात घट्ट झाली, असे मला वाटते.

दर्यासारंग

उत्तररेषा यांच्याशी सहमत आहे. भारताशी असलेल्या दुव्याबद्दलही थोडे लिहितो, कारण त्याबाबत एक गैरसमज पसरलेला आहे. अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘मिंडन’ जहाजावर लिहिले गेले, असे पुष्कळदा वाचायला मिळते. वाडियांच्या हातचे ते सागवानी जहाज 1810 चे, हे खरे. पण बॉल्टिमोरवरचा ब्रिटिश तोफमारा पाहून ते गीत लिहिणारा कवी ‘फ्रान्सिस स्कॉट की’ सप्टेंबर 1814 मधल्या त्या रात्री तहाचे निशाण लावलेल्या अमेरिकी गलबतावर होता.

खरा दुवा दुःखद आहे. 30 जून 1815 रोजी सुंदा सामुद्रधुनीत ‘पीकॉक’ या अमेरिकी युद्धनौकेला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचे ‘नॉटिलस’ हे छोटे जहाज भेटले. शांतता झाली आहे, असे नॉटिलसच्या कप्तानाने सांगितले. पीकॉकच्या कप्तानाने निशाण उतरवण्याची अट घातली, ती मान्य झाली नाही आणि तोफा सुटल्या. नॉटिलसवर माणसे मेली, त्यांत लस्कर, म्हणजे भारतीय खलाशीही होते. तहाला सहा महिने होऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी शांततेची खात्री पटल्यावर जहाज सोडून देण्यात आले.

तटबंदी (धागाकर्ता)

मतदानाबाबतचा दर्यासारंग यांचा मुद्दा मान्य करतो. पक्षाची फूट मी लक्षात घेतली नव्हती, आणि चेसापीकच्या खलाशांचे दुःख निमित्त नव्हते, हेही कबूल करतो. पण परिणामांकडे पाहिल्यावर माझे मूळ म्हणणे सोडवत नाही.

गेंटच्या तहाने अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातली सीमा युद्धाआधी होती तशीच ठेवली. 1817 च्या करारात दोघांनी पंचमहासरोवरांवरची लढाऊ जहाजे कमी केली आणि पुढच्याच वर्षी एकोणपन्नासाव्या अक्षांशावर सीमा आखली. भांडणारे दोघेही सावरले. सावरला नाही तो तिसरा. टेकुमसेह ऑक्टोबर 1813 मध्ये कॅनडातल्या थेम्स नदीकाठच्या लढाईत मारला गेला आणि त्याची जूट फुटली. दक्षिणेत अमेरिकी सेनापती अँड्र्यू जॅक्सनने ऑगस्ट 1814 मध्ये क्रीक या मूळ रहिवासी लोकांकडून सुमारे 2 कोटी 30 लाख एकर जमीन लिहून घेतली, आणि त्यात जॅक्सनच्याच बाजूने लढलेल्या क्रीकांची जमीनही गेली.

तहाच्या नवव्या कलमाने मूळ रहिवाशांना 1811 सालचे हक्क परत देण्याचे वचन दिले होते. त्या कलमाने त्यांच्या तोंडाला पाने पुसली. क्रीकांनी जमीन परत मागितली, जॅक्सनने ती दिली नाही, आणि त्यांना लढायला उभे करणाऱ्या ब्रिटनने त्यांच्यासाठी अमेरिकेशी पुन्हा वाकडे घ्यायचे टाळले. त्या जमिनीवर पुढच्या काही वर्षांत कापसाचे मळे उभे राहिले आणि ते कसायला गुलाम आणले गेले.