पुरात भिजलेल्या कॅसेटवरचं ‘स्टार ट्रेक’: वाचवता येईल का?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन अंतराळ-मालिका लागायची. तिचं थेट टीव्हीवरून केलेलं रेकॉर्डिंग चार व्हीएचएस कॅसेटवर आहे. सगळ्या ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या. २०१९च्या पुरात त्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. दोन पूर्ण बुडाल्या, दोन वरच्या कप्प्यात होत्या म्हणून नुसती ओल धरली. बुडालेल्यांच्या खिडकीतून तपकिरी गाळ दिसतो, दुसऱ्या दोनमध्ये टेपच्या कडेवर पांढरी भुकटी आहे. व्हीसीआर सुरू होतो, पण बरीच वर्षं वापरात नाही.

एपिसोड स्वच्छ प्रतीत विकत मिळतात हे ठाऊक आहे. हवं आहे ते त्याच्या आजूबाजूचं: निवेदिका, जाहिराती, ‘व्यत्यय’ची पाटी, त्या वेळचं दूरदर्शन. साफसफाई घरी जमेल का, आणि कॉम्प्युटरवर घेताना काय सांभाळायचं?

टेपदुरुस्ती (मिरज)

जमेल. पण आधी एक करा: ‘जरा बघू चालतेय का’ म्हणूनसुद्धा यातली एकही कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. ड्रमचा व्यास ६२ मिलिमीटर, म्हणजे हेड टेपवरून ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. त्यात गाळाचा एक कण सापडला की टेपवर कायमचा ओरखडा, आणि हेड तुटलं तर व्हीसीआरही गेला. बुरशी तर एका कॅसेटमधून यंत्रात आणि यंत्रातून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते.

पांढरी भुकटी म्हणजे बुरशीच. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. कॅसेट आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला. ओली बुरशी पुसली की पसरते, वाळली की भुकटी होऊन निघते. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायरही नको. पॉलिएस्टरची पट्टी उष्णतेने एका कडेने ताणली गेली की पुन्हा सरळ होत नाही.

कॅसेट उघडताना ती उलटी धरा, खाली पाच स्क्रू दिसतील. कण्यावरचं, म्हणजे लांब अरुंद कडेवरचं, लेबल दोन्ही भागांवर चिकटलेलं असेल तर ब्लेडने मधोमध चिरा. स्क्रू काढल्यावर दोन्ही भाग दाबून धरूनच सुलट करा आणि मग वरचं झाकण उचला. नाहीतर ब्रेकचे छोटे प्लॅस्टिकचे दांडे आणि स्प्रिंगा उडतात, त्या शोधण्यात दिवस जातो. काहीही हलवण्याआधी टेप कोणत्या खुंटीच्या कुठल्या बाजूने गेली आहे त्याचा फोटो काढा.

बुडालेल्या दोन कॅसेटची दोन्ही रिळं टेपसकट बाहेर घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून हलक्या हाताने हलवा. पाणी गढूळ झालं की बदला, स्वच्छ राहीपर्यंत. बोअरचं किंवा नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार वाळल्यावर टेपच्या कडेला खरखरीत थरासारखे बसतात. कडेला फार जपायचं. टेप १२.७ मिलिमीटर रुंद, आणि साधा आवाज वरच्या काठावरच्या बारीक पट्टीत असतो. खालच्या काठावर कंट्रोल ट्रॅक, ज्यावरून व्हीसीआरला चित्र कुठे सुरू होतं ते कळतं. बुरशी आणि गाळ आधी कडाच खातात. म्हणून चित्र बरं दिसतं पण आवाज बुडतो, किंवा चित्र सारखं वर-खाली सरकत राहतं.

धुतल्यावर रिळं पंख्याखाली सावलीत उभी ठेवा. बाहेरून कोरडी वाटली तरी आतल्या थरांत पाणी राहतं. नंतर हाताने, अगदी सावकाश, एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळत न्या आणि वाटेत धागे न सोडणारं मऊ कापड दोन्ही बाजूंनी टेकवा. थर चिकटलेले वाटले तर ओढू नका, थांबा आणि रीळ पुन्हा सुकवा. ओढलं की चुंबकीय थर पट्टीवरून सोलून निघतो आणि तेवढं चित्र कायमचं जातं. बुरशीच्या कॅसेटसाठी धुणं नको, हेच कोरडं पुसणं पुरे.

शेवटी रिळं जुन्या खोक्यात परत घालू नका. एखादी स्वच्छ, नको असलेली ई-१८० उघडा, तिची रिळं काढा आणि तुमची बसवा. टेप कुठेही कापायची गरज नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

फार उपयोगी, मनापासून आभार. आयसोप्रोपिल अल्कोहोल कुठे लावायचं? मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं.

टेपदुरुस्ती (मिरज)

७० टक्क्यांत उरलेलं पाणीच असतं, ते नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात किंवा केमिकलवाल्याकडे ९९ टक्क्यांचं मागा. ते व्हीसीआरसाठी, टेपसाठी नव्हे. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी त्यात भिजवून ड्रमला नुसती टेकवा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून फिरवा. कागद वर-खाली मुळीच हलवू नका. हेडचा तुकडा केसाएवढा असतो, वर-खालच्या दाबाने तुटतो. कानात घालायच्या कापसाच्या काड्या तर लांबच ठेवा, धागा अडकला की हेड घेऊनच निघतो. टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर अल्कोहोलने कडक पडतो, तो साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा.

मग एखादी टाकाऊ कॅसेट पूर्ण पुढे-मागे करून बघा. रिवाइंड मध्येच अडत असेल तर बहुधा बेल्ट किंवा रिळं फिरवणाऱ्या चाकाचं (आयडलरचं) रबर गेलेलं असतं. ते बदलल्याशिवाय तुमच्या कॅसेटला हात लावू नका.

अजिंक्यतारा (सातारा)

कॉम्प्युटरवर घेण्याबद्दल लिहितो, कारण धुतलेली कॅसेट इथे येऊन वाया गेलेली पुष्कळदा दिसते.

व्हीसीआरची पिवळी वायर थेट स्वस्त यूएसबी स्टिकला (चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या) जोडली की सिग्नल जरा डळमळला तरी स्टिक निळा पडदा दाखवते किंवा फ्रेम गाळते, आणि तासाभरात ओठ आणि आवाज वेगळे पडतात. व्हीएचएसच्या प्रत्येक ओळीची वेळ थोडी मागे-पुढे असते आणि स्टिकला ते झेपत नाही. मध्ये ओळींची वेळ सरळ करणारा टाइम बेस करेक्टर हवा. तो वेगळा फार महाग, म्हणून जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडा: व्हीसीआरमधून त्याच्या इनपुटला, त्याच्या आउटपुटमधून स्टिकला. रेकॉर्ड करायचं नाही, नुसता सिग्नल त्यातून जाऊ द्यायचा. सगळेच रेकॉर्डर ओळी सरळ करत नाहीत, म्हणून घेण्याआधी दुकानात लावून बघा. चित्रातल्या दाराच्या चौकटीची उभी रेघ थरथरायची थांबली तर तो कामाचा.

‘व्हर्च्युअलडब’ या सॉफ्टवेअरमध्ये ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि ‘हफवाययूव्ही’सारखं काहीही न गमावणारं कॉम्प्रेशन. तासाला ३०-४० जीबी जागा धरा. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर घ्या, स्टिक यूएसबी हबवर नको. टीव्हीची प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, असते; ती जोडून-बदलून एक करणं म्हणजे डीइंटरलेस. घेताना ते करू नका, हे कळकळीने सांगतो.

कारण असं. ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, सेकंदाला २४ फ्रेम. पाल पद्धतीत दाखवताना फिल्म बहुधा २५ने पळवतात. तसं असेल तर चित्राची दोन्ही फील्ड एकाच फ्रेमची असतात आणि डीइंटरलेसची गरजच नसते, केलं तर निम्मा तपशील जातो. निवेदिका मात्र स्टुडिओच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावरची, सेकंदाला ५० वेगवेगळी फील्ड. म्हणजे एकाच कॅसेटवर दोन जातीचं चित्र. जसंच्या तसं घ्या, नंतर तुकडे करा. निवेदनाचा भाग ‘बॉबडीइंटरलेस’ करून, म्हणजे प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करून, ५० फ्रेमवर न्या, मालिकेच्या भागाला हात लावू नका. दूरदर्शनकडे अमेरिकन पद्धतीच्या टेपवरून रूपांतर केलेली प्रत आली असेल तर खेळ वेगळा. चाचणी सोपी: एकही काट नसलेलं एखादं दृश्य ब्लू-रेवर मोजा. तिथे ६० सेकंद आणि तुमच्याकडे साडेसत्तावन्न असेल तर वेगवलेली प्रत. वेळ सारखीच आली आणि हलणाऱ्या माणसाच्या कडेला दोन चित्रं मिसळलेली दिसली तर रूपांतरित. पूर्ण एपिसोडची लांबी मोजू नका, प्रसारणात काटछाट झाली असू शकते.

चित्रातली मुंगी (बारीक वळवळणारे ठिपके) सगळीकडे सारखी असेल तर ती मूळ सिग्नलमधलीच, दुरून पकडलेल्या अँटेनाची. डोंगरावर आपटून आलेल्या सिग्नलची दुहेरी सावलीही तशीच. ती कुठल्याही फिल्टरने घालवू नका, चेहरे मेणाचे दिसायला लागतात. क्षणभर चमकून जाणाऱ्या आडव्या पांढऱ्या रेघा मात्र टेपच्या जखमेच्या. त्या भागापुरती टेप पुन्हा कापडाने पुसून पुन्हा घ्या, बऱ्याचदा कमी होतात.

वॉर्प_कऱ्हाड

एपिसोड ओळखायला मदत. पहिल्या प्रसारणात १९६६ ते १९६९ अशा तीन सीझनमध्ये २९, २६ आणि २४ असे ७९ भाग झाले. सुरुवातीच्या नामावलीत शॅटनर आणि निमॉय हे दोघेच नट असतील तर पहिला सीझन. डीफॉरेस्ट केली यांचं नाव आलं की दुसरा किंवा तिसरा. अक्षरं निळी असतील तर तिसरा (टेपचा रंग उडाला असेल तर यावर विसंबू नका). चेकॉव्ह हे पात्र दिसलं तर पहिला सीझन नक्कीच नाही. भागाचं नाव नामावलीनंतर, पहिल्या अंकाच्या सुरुवातीला येतं. कॅप्टनच्या नोंदीतल्या स्टारडेटवरून (मालिकेतल्या काल्पनिक तारखेवरून) क्रम लावू नका, तो प्रसारणाच्या क्रमाशी जुळत नाही.

ब्लू-रेवर २००६पासून नव्याने केलेले अंतराळातले देखावेही आहेत. तुलना करताना मेनूमधून मूळ देखावे निवडा.

तुम्हाला हवं आहे त्या भागाची तारीख काढायची तर जाहिराती सोडू नका. त्यांतल्या किमती आणि नव्या मालाच्या घोषणांवरून वर्ष जवळजवळ कळतं. मग ज्या वाचनालयात त्या वर्षाच्या वर्तमानपत्रांच्या फायली असतील तिथे दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा रकाना बघा, रविवार पक्का होईल. फाइलच्या नावात तो लगेच लिहा. मालिकेचे भाग नेटवर चढवू नका, हक्कांमुळे ते काढले जातात आणि त्यांच्याबरोबर निवेदनही जातं. निवेदनाचे तुकडे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

टेपदुरुस्ती (मिरज)

एक राहिलं. नव्या खोक्याच्या कण्यावर डाव्या टोकाला रेकॉर्डिंगची खिट्टी असेल तर ती टेप बसवण्याआधीच मोडून टाका. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर एवढ्या वर्षांनी वाचवलेला रविवार तिथेच पुसला जाईल. आणि सुरुवात बुरशीच्या दोन कॅसेटपासून करा, बुडालेल्या नंतर.