सॉल्टेअरची कामगारांची घरं: जपायची की राहण्याजोगी करायची?

आडवाट
परवा इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं सॉल्टेअर बघून आलो. लोकरीच्या गिरणीचे मालक टायटस सॉल्ट यांनी १८५१ पासून पुढची पंचवीसेक वर्षं वसवलेलं गाव. खाली एअर नदी, कालवा, रेल्वे आणि अवाढव्य गिरणी. वर कामगारांच्या आठशेहून जास्त दगडी घरांच्या ओळी. गल्ल्यांना नावं बायकोमुलांची, शिवाय लॉकवुड आणि मॉसन या दोघा वास्तुविशारदांचीही. २००१ पासून गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

एका गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. लाकडी चौकटीच्या, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांची ओळ, आणि मधेच एका घराला पांढरीफेक प्लास्टिकची खिडकी. दातांच्या रांगेत एकच नकली दात बसवल्यासारखी! माझं मत स्पष्ट आहे: अशा गावात घराच्या दर्शनी बाजूला बोट लावायचीही मुभा नसावी.

तिरकस
म्हणजे मालक बदलला, जाच तोच. सॉल्टसाहेबांनी गावात गुत्ता उघडू दिला नाही. गल्लीत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले त्यांना खपत नसत, म्हणून धुलाईघर बांधून दिलं. नोकरी आणि घर दोन्ही एकाच माणसाच्या हातात असल्यावर कामगार भांडणार कोणाशी? आता त्याच घरातल्या माणसाला खिडकी कुठली लावायची ते तुमच्यासारखे पाहुणे सांगणार. दोन तास फिरून चहा पिऊन तुम्ही परत जाता, थंडीत तो राहतो.

दगडफूल
तिरकसशी सहमत, आणि तेही अनुभवाने. सॉल्टेअर नाही, पण अशाच एका जुन्या गिरणीगावातल्या ओळीतल्या घरात तीन हिवाळे भाड्याने काढलेत. खिडकी बंद असतानाही पडदा हलायचा. सकाळी काचेच्या आतल्या अंगाने पाणी ओघळून चौकटीत साचायचं. ते पुसायला एक फडकं कायमचं तिथेच ठेवलेलं असायचं. फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या. भिंत भरीव दगडाची, मधे पोकळी नाही, त्यामुळे तिच्यात उबेसाठी काही भरायचीही सोय नाही. बाहेरून बघणारे मात्र फोटो काढून जायचे.

आडवाट
दगडफूल, हाल मान्य. पण ही घरं कशाला उत्तर म्हणून उभी राहिली तेही बघा. १८४९ मध्ये जवळच्याच ब्रॅडफर्ड शहरात कॉलऱ्याने शेकडो माणसं मेली. त्याच सुमारास सॉल्ट तिथले महापौर होते. शहरात एकेका खोलीत माणसं कोंबलेली, सांडपाणी उघड्यावर. इथे घरटी पाणी, गॅस आणि मागच्या अंगणात स्वतंत्र संडास! त्या काळी कामगाराला हे स्वप्नवतच. एकेक करून सगळं बदलत गेलं तर हे पुढच्यांना दाखवणार कशावर?

तिरकस
उपकार नाकारत नाही. पण निरोगी माणूस वेळेवर कामाला येतो, हा हिशेबही त्यात होताच. आणि जपायचंच तर सगळं जपा. मुकादमांची घरं मोठी, पुढे बागेचा तुकडा. साध्या कामगाराचं दार थेट रस्त्यावर. कारखान्यातली उतरंड घरांतही उतरली होती, ते तुमच्या फोटोत येतं का? बाकी गंमत अशी की दारूबंदीच्या त्या गावात पुढे बार निघाला, नाव काय तर ‘डोंट टेल टायटस’.

रोजमेळ
जरा व्यवहाराचं बोलतो. आडवाट, नुसती दर्शनी बाजू नाही. तिथली घरं ‘ग्रेड दोन’च्या संरक्षित यादीत आहेत आणि ते संरक्षण आतल्या भागालाही लागू असतं. घराचं रूप बदलेल असं काम परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. जाचक वाटेल, पण १९८६ मध्ये गिरणी बंद पडली तेव्हा गावाचं काय झालं असतं, विचार करा. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली, डेव्हिड हॉकनीची चित्रं लावली आणि लोक यायला लागले. गिरणीभोवतीची ही घरं तोवर पाडून झाली असती तर कोण कशाला आलं असतं?

खिडकीसाठी मात्र प्लास्टिकच हवं असं नाही. जुनी चौकट नीट बसवून फटींना पट्टी लावायची आणि आतून दुसरी काच. बाहेरून काही कळत नाही. परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्यायचं.

तिरकस
लोक यायला लागले, बरोबर. घरं घ्यायलाही आले. आज तिथे गिरणी कामगार किती राहतात? जपली ती घरं. ज्यांच्यासाठी बांधली ती माणसं नाहीत.

आडवाट
तो दोष खिडकीच्या नियमाचा नाही हो. गिरणीच बंद पडल्यावर गिरणी कामगार आणायचा कुठून? पण दगडफूलच्या त्या फडक्याने माझं ‘बोट लावायचीही मुभा नसावी’ जरा ढिलं झालंय, हे कबूल. आतून काच लावायला माझी हरकत नाही.

दगडफूल
तुमची हरकत नाही हे ऐकून बरं वाटलं :) रोजमेळ, दोन काचांच्या मधे धूळ आणि मेलेल्या माश्या साचल्या की पुसायचं कसं?

रोजमेळ
आतली काच सरकती किंवा काढता येईल अशी घ्यायची. पक्की बसवलीत तर माश्यांचाही वारसा जपावा लागेल.