कुलसंमेलनानंतर संपर्क ठेवता का?

रविवारी गुहागरला आमचं कुलसंमेलन झालं, व्याडेश्वराला अभिषेक, मग पंगत, सगळ्यांच्या छातीवर बिल्ले. शेजारचे अनोळखी आजोबा भातात खळगा करून आमटी ओतत होते, अगदी माझ्या बाबांसारखे, आणि नातं बघितलं तर ७ पिढ्या मागे! तुम्ही नंतर बोलता का अशा लोकांशी?

— आमच्या ग्रुपवर २ आठवडे वंशवृक्ष, आता नुसतं गुड मॉर्निंग आणि स्थळं 😄

— आजोबांचा नंबर घेतलास ना? कुलवृत्तांतात (घराण्याच्या माहितीच्या पुस्तकात) लेकीसुना एका ओळीत उरकलेल्या असतात, बाकीचं या म्हाताऱ्यांनाच माहीत.

— नाही ना घेतला! बिल्ल्याचा फोटो आहे, पण त्यावर फक्त 'शाखा ४' दिसतंय.

— मग आयोजकांना विचार की, यादी असतेच.